न हलणाऱ्या पाळण्याचा दाखला

साहेब, फिरत्या पाळण्याकडं न हलण्याचा दाखला मागणारे अधिकारी या मराठवाड्यात तुम्हीच पहिले. हा आरोप आहे आणि तो तोंडावर केलेला आहे. तुमचं नाव लिहिलेलं नाही, ते भीतीनं नव्हे. नाव लिहिलं तर तुमची बदली होईल, खुर्ची तिथंच राहील, आणि भांडण खुर्चीशी आहे.

तुमच्या सहीच्या नोटिशीतले शब्द असे होते : "सदरील आकाशपाळणा चालू स्थितीत हालचाल करीत असल्याचे निदर्शनास आले असून, भूकंपप्रवण परिस्थितीत तो हलणार नाही असा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला सादर करावा." साहेब, पाळणा हलला नाही तर त्याला बाकडं म्हणतात. बाकड्यावर बसायला कुणी तिकीट काढत नाही. आणि सक्षम प्राधिकारी कोण, हे तुम्ही लिहिलं नाहीत, कारण ते तुम्हालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायचं काम एका भूगोलाच्या मास्तरावर पडलं.

त्या मास्तरांचं नाव कलीम सर. नांदेडच्या एका अनुदानित शाळेत ते पृथ्वीचं परिवलन आणि परिभ्रमण शिकवत, आणि रविवारी स्वतः आकाशपाळण्यात बसून ते करत. माळेगावची जत्रा, कंधारचा उरूस, लोह्याचा बाजार, जिथं पाळणा लागेल तिथं सर हजर. माणसं जत्रेत बत्तासे आणतात, सर पाळण्याबद्दलची मतं आणत. कुठल्या पाळण्याची साखळी सैल, कुठल्याचा दांडा गंजलेला, कुठं वर गेल्यावर गोदावरी दिसते आणि कुठं नुसतीच दुसऱ्याची गच्ची. शिकलेला माणूस, पायात बूट, खिशाला पेन, आणि रांगेत पोरांच्या मागं उभा. शाळेत याची चेष्टा होई. सर म्हणत, "क्रिकेट बघणाऱ्याला कुणी हसत नाही. तो तर नुसता बसून राहतो. मी निदान वर जाऊन येतो."

सरांसारखे आणखी दोघं होते. एक शेषेराव, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात कारकून, मूळचे लोह्याकडचे शेतकरी घराण्यातले. दुसऱ्या सिंधुताई, पोस्टाच्या बचतीच्या एजंट, ज्यांना अर्ध्या नांदेडच्या घरात चहा मिळे. या तिघांचं पाळणाप्रेमी मंडळ. रविवारी संध्याकाळी ईश्वरप्पाच्या मौजमेळ्यात चहाच्या टपरीवर त्यांची सभा भरे आणि सभेत भांडण होई. भांडण झालं नाही तर सभा झाली असं कुणी मानत नसे.

मौजमेळा म्हणजे भिंतीच्या आतलं एक मैदान. त्यात एक आकाशपाळणा, एक भूतबंगला आणि एक लेकरांची आगगाडी. ईश्वरप्पा निलंग्याकडचा. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याची बायको गौरम्मा हिची सख्खी बहीण घरासकट गेली. त्यानंतर गौरम्मा स्लॅबखाली झोपली नाही. ईश्वरप्पानं तिकडचं दुकान विकलं, नांदेडला गावाबाहेर ही जमीन घेतली आणि विचारलं, घर कुठं बांधू? ती म्हणाली, "घर बेडा. मैदान पाहिजे." नको म्हणायला तिला आईचा कानडी शब्दच येई. मग पत्र्याच्या खोलीत संसार आणि मैदानात जत्रा. गौरम्मा तिकिटाच्या खिडकीत बसे आणि डोक्यावर पत्रा आहे, सिमेंट नाही, हे दर थोड्या वेळानं वर बघून खात्री करून घेई.

तेव्हा भोवती ज्वारी होती. मग क्लासेस आले. पहिल्यांदा एक आला, मग त्याच्यातून फुटून दोन झाले, मग प्रत्येकाची होस्टेलं, होस्टेलांच्या खानावळी, खानावळींच्या वर पुन्हा होस्टेलं. नायगाव, लोहा, देगलूरची पोरं पेट्या घेऊन उतरली आणि लातूरसारखा निकाल लावायचा म्हणून एकेका खोलीत चार चार कोंबली गेली. दोन इमारतींच्या मधून मांजर गेलं तर तेही तिरपं जाई. या सगळ्याच्या मधोमध ईश्वरप्पाचं मैदान तेवढं मोकळं राहिलं. मोकळी जागा बघितली की काही लोकांना खाज सुटते.

पण आधी मंडळाच्या वादाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पाळणा करकरत होता. वर जाताना एक सूर, खाली येताना दुसरा. कलीम सरांचं म्हणणं, तेल घाला, देखभाल नावाची काही चीज असते.

"मास्तर, तुमाला काय बी कळत न्हाई," शेषेराव म्हणत. "करकर गेली तर मानसाला भ्या कशाचं वाटंल? पाळन्यात भ्या न्हाई तर मग घरीच बसा की खाटंवर."

"शेषेराव, भीती उंचीची असावी. नट-बोल्टची नसावी."

"उंचीचं भ्या समद्याला फुकट हाय. करकरीचं भ्या हे ईश्वरप्पाचं सोताचं हाय."

भूतबंगल्यावर तर महिने गेले. भुताचं काम मारोती करी. आत अंगावर हाडांचा सांगाडा रंगवलेला काळा झगा, आणि दोन खेळांच्या मधे हाच सांगाडा बाहेर येऊन टपरीवर बशीतून चहा पिई. सरांना हे सहन होत नसे. "भूत आतच राहिलं पाहिजे. माणूस आत शिरला की त्याला नांदेड विसरायला लागलं पाहिजे. त्यानं भुताला आधीच खारी बुडवताना पाहिलं असेल तर कसलं विसरणं?"

"भुताला बी तलफ येती की," शेषेराव.

सिंधुताईंचा मुद्दा तिसराच. "आधी आत पंखा लावा. मारोतीला इतका घाम येतो की लेकरं भ्यायचं सोडून 'काका, पाणी देऊ का' विचारतात. आणि बाहेर रांगेवर सावली नाही, बायकांना बसायला जागा नाही, प्यायच्या पाण्याचा माठ फुटका. तुमचं भूत अन् करकर गेली खड्ड्यात. माणूस पाळण्यात बसायच्या आधीच वैतागला तर वर जाऊन काय खूश होणार?"

असे हे लोक. त्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

त्या वर्षी नांदेडात जमिनीतून आवाज यायला लागले. गुडगुड होई, खिडकीची तावदानं वाजत, कधी पाय किंचित सरकल्यासारखे वाटत. मोठं काही नव्हतं, पण त्र्याण्णव पाहिलेल्या माणसाला लहान-मोठं करता येत नाही. घराघरांत जुनी सवय परत आली : तांब्यावर फुलपात्र पालथं, फुलपात्रावर वाटी, आणि हा मनोरा उंबऱ्याजवळ. जमीन हलली की वाटी पडते, वाटी पडली की पळायचं. शास्त्रज्ञांची यंत्रं कुठं बसवली होती ते लोकांना ठाऊक नव्हतं. वाटी कुठं आहे ते ठाऊक होतं.

मौजमेळ्याच्या भिंतीला लागून विरूपाक्ष सरांचा भौतिकशास्त्राचा क्लास, चार मजली. कलीम सरांची मुलगी सदफ तिथंच बारावीची तयारी करी. विरूपाक्ष सरांची तक्रार होती की वर्गाच्या खिडकीतून पाळणा दिसतो आणि विद्यार्थ्यांचं लक्ष उडतं. गंमत अशी की फळ्यावर त्यांचं गणित असे : एक आकाशपाळणा अमुक वेगानं फिरतो, तर वरच्या टोकाला माणसाचं वजन किती भासेल? खिडकीबाहेर तोच पाळणा फिरत असे, पण तिकडं बघितलं की उभं राहायची शिक्षा.

"अब्बा, मैंने उत्तर बरोबर काढलं," सदफ एकदा घरी म्हणाली. "सर म्हणाले, पद्धत चुकली. मी वर बसले होते ना, मला माहीत होतं."

ही तक्रार, जमिनीतली गुडगुड आणि विरूपाक्ष सरांचा होस्टेल बांधायला जागा हवी असल्याचा निरोप, हे तिन्ही एकाच आठवड्यात साहेबांच्या, म्हणजे तुमच्याच, टेबलावर पोचले. त्यातून नोटीस निघाली. दाखला आणा, नाहीतर मौजमेळा बंद. बंद झाला की ईश्वरप्पा खाणार काय? म्हणजे जागा विकणार. म्हणजे होस्टेल. इतका सरळ हिशोब आमच्या सरकारी कामात एरवी दिसत नाही.

ईश्वरप्पानं नोटीस टपरीवर सगळ्यांपुढं ठेवली. "मास्तर, माझ्यानं कचेरी होत न्हाई. इकून टाकतो."

खिडकीतून गौरम्मानं फक्त बघितलं. ती काही बोलली नाही, आणि तेच कलीम सरांना लागलं. भर टपरीवर, सांगाडा चहा पीत असताना, त्यांनी जाहीर केलं, "दाखला मी आणतो. पाळणा बंद पडणार नाही."

रात्रीच्या जेवणाला रजियानं विचारलं, "अजी, तुमकू पाळणा बचाना है, के अपनी नाक?"

"दोन्ही."

"नाक तो बचती नै तुमची. पाळण्याचं बघा."

आणि कचेऱ्यांचा फेरा सुरू झाला. शिकलेल्या, सभ्य, बूट घातलेल्या माणसाला सरकारी जिन्यावर किती वेगवेगळ्या तऱ्हांनी लहान करता येतं, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं फिरत्या वस्तूचा दाखला मागायला जावं.

बांधकाम बघणाऱ्या कार्यालयानं विचारलं, छत आहे का? नाही. मग ते बांधकाम नाही. वाहनांच्या कार्यालयात म्हणाले, चाक आहे हे मान्य, पण एकच आहे, आणि ते कुठं जात नाही. "जातं की, वर जातं," सर म्हणाले. "वरचा रस्ता आमच्याकडं नाही," उत्तर आलं. विजेच्या कार्यालयानं मोटर आपली आणि पाळणा परका ठरवला. भूकंपाचं काम बघणाऱ्या खोलीत एक भला माणूस होता. तो म्हणाला, "सर, भूकंप झाला की या. आम्ही झाल्यावर देतो. व्हायच्या आधी द्यायचं आमच्याकडं काही नाही."

एका ठिकाणी कारकुनानं जागेचा नकाशा मागितला. भूगोलाचा मास्तर तो. सरांनी उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, सूची, सगळं काढून सुबक नकाशा दिला. कारकुनानं तो उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "काका, यात नदी वर कशी गेली?" तो कारकून सरांचाच विद्यार्थी होता. सरांनी नकाशा सुलटा करून त्याच्या हातात दिला. परत येताना मात्र आपण त्या वर्षी त्याला पास का केला, याचाच विचार करत होते.

सल्ले तर रस्त्यावर पडलेले. इस्त्रीवाला म्हणाला, पाळणा उलटा फिरवा, जुना दोष निघून जाईल. समोरच्या खानावळीच्या मालकानं पाळण्याला झाकण करायचं सुचवलं, म्हणजे वर्गातून दिसणार नाही. बसणाऱ्यालाही काही दिसणार नाही, हे त्याच्या गावी नव्हतं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सरांना बाजूला घेऊन कळकळीनं सांगितलं, "कलीम, या वयात असं वर बसणं बरं दिसत नाही." सरांनी विचारलं, "कुठल्या वयात बरं दिसतं, सर?" मुख्याध्यापकांना घंटा वाजवायची आठवण झाली.

शेवटी सिंधुताई उपयोगी पडल्या. साहेबांच्या घरी त्यांचं पोस्टाचं खातं आणि चहा दोन्ही होतं. साहेबांनी शनिवारी संध्याकाळी स्वतः येऊन पाहायचं कबूल केलं. म्हणाले, आवाज नको, हादरा नको, मग बघू.

आता कलीम सरांची बुद्धी पेटली. आणि इथंच घोळ झाला, असा घोळ की जो फक्त आमच्याकडंच होऊ शकतो. भूकंपात आमच्याकडं दगड-मातीच्या भिंतींनी माणसं मारली. तेव्हापासून मराठवाड्याची दोनच गोष्टींवर श्रद्धा उरली, पत्रा आणि आरसीसी. देवळाला आरसीसी, गोठ्याला आरसीसी, नायगावच्या एकानं तर कोंबड्यांच्या खुराड्याला कॉलम काढले. ईश्वरप्पाचा पाळणा मात्र रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर उभा होता, जत्रेतले पाळणे उभे राहतात तसा, पाचर मारून.

"लाकूड!" कलीम सर म्हणाले. "भूकंपाच्या जिल्ह्यात लाकूड! साहेब बघूनच परत जातील. पायांत काँक्रीट भरा. सळ्या घाला. असा धरा की पृथ्वी फिरली तरी हा जागेवर राहील."

"मास्तर, त्ये रेल्वेचे स्लीपर हायत," शेषेराव दुखावले. "त्येच्यावरून मालगाड्या गेल्यात. तुमचा पाळणा काय मालगाडीपरीस जड हाय व्हय?"

"म्हणूनच म्हणतो, आता त्यांना निवृत्ती द्या."

"माझ्या नोकरीचं बी असंच बोलाल एक दिवस."

शेषेरावांना स्लीपर का चांगले हे ठाऊक नव्हतं, फक्त रेल्वेचे म्हणून प्रेम होतं. त्यामुळं ते हरले. स्लीपर निघाले, भिंतीशी रचले गेले. चार पायांखाली काँक्रीट ओतलं. सर रोज शाळा सुटली की येऊन स्वतः पाणी मारत, जणू रोपटं लावलंय. पाळण्याला तेल घातलं. प्रत्येक साखळी, प्रत्येक खिळा. शेषेराव तेलाची बुधली घेऊन मदत करत होते आणि चाकावरचा एक पाळणा त्यांनी मुद्दाम कोरडा ठेवला, हे फक्त सिंधुताईंना दिसलं. त्यांनी इकडं रांगेवर मांडव घातला, नवा माठ आणला, बायकांसाठी बाकं ठेवली आणि भूतबंगल्यात पंखा बसवला. मारोतीला सक्त ताकीद मिळाली, साहेब जाईपर्यंत भुतानं बाहेर पडायचं नाही.

शनिवारी साहेब आले. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रजिया आली होती, तिनं येताना घराच्या उंबऱ्यात तांब्या-फुलपात्र रचून ठेवलं होतं, आजूबाजूच्या साऱ्या बायांनी ठेवलं होतं तसं. साहेबांना पाळण्यात बसायची विनंती केली. ते म्हणाले, मी खालूनच बघतो. खुर्ची दिली, चहा दिला.

पाळण्यात वस्तीतली माणसं बसली. मोटर सुरू झाली.

आवाज नाही. पाळणा तेलावर लोण्यासारखा वर गेला, खाली आला. एकच पाळणा मधूनच करकरला. सरांनी डोळे वटारले आणि शेषेराव आभाळात पाखरं शोधायला लागले. साहेबांनी मान डोलावली. "काँक्रीट कुणी सुचवलं?"

"मी," कलीम सर म्हणाले. हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर एकाक्षरी शब्द होता.

साहेबांनी खिशाला हात घालून पेन काढलं. पाळणा पूर्ण वेगात आला.

आता जे झालं ते असं. लाकूड इतकी वर्षं पाळण्याचा हादरा गुपचूप गिळत होतं. काँक्रीटनं तो गिळला नाही. सगळाच्या सगळा जमिनीला दिला. मैदानात कुणाला काही कळलं नाही, कारण मैदानात वाट्या नव्हत्या. भिंतीपलीकडच्या पहिल्या घरात वाटी पडली. मग दुसऱ्या घरात. मग गल्लीभर पितळ, तांबं, स्टील असं खणखणत सुटलं की जणू कुणी भांड्याचं दुकान जिन्यावरून सोडलंय.

"हाललं! हाललं! भायर निघा!"

विरूपाक्ष सरांचे चारी मजले एका जिन्यानं खाली आले. होस्टेलं ओसंडली. खानावळीतून हातात घास असलेली पोरं, न्हाणीतून साबण लागलेली माणसं, पाठीवर म्हातारी घेतलेला इस्त्रीवाला. गल्लीत उभं राहायला जागा नव्हती, दोन्ही बाजूंनी तेच चार मजले. मग सगळा लोंढा एकाच दिशेनं वळला, मौजमेळ्याच्या फाटकाकडं, कारण मोकळं आभाळ तेवढंच होतं. मारोती भूतबंगल्यातून सांगाड्यासकट पळत सुटला. एका बाईनं त्याच्या हाडाळ कडेवर आपलं तान्हं दिलं आणि दुसरं आणायला परत धावली. ते पोर भुताच्या गळ्याला मिठी मारून गप्प बसलं. मंडळानं वर्षभर ज्यावर वाद घातला, त्या भुताला पाहून त्या दिवशी कुणीच भ्यालं नाही.

आणि साहेब? साहेब खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "इमारतींपासून लांब व्हा! सगळे मैदानात या! इकडं या, मधे या!" इतका उपयुक्त आदेश त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच दिला असावा.

गोंधळ बघून ईश्वरप्पानं मोटर बंद केली. पाळणा थांबला. आणि भिंतीपलीकडचा खणखणाटही थांबला. कलीम सर काँक्रीटच्या पायाजवळ उभे होते. मोटर थांबण्याच्या क्षणी त्यांच्या बुटाच्या तळव्यातून काहीतरी निघून गेलं. भूगोलाचा माणूस. त्यांना सगळं एकदम कळलं.

दुसऱ्या कुणालाच कळलेलं नव्हतं. साहेबांचं पेन अजून हातात होतं. गप्प राहिले असते तर भूकंप झाला आणि पाळणा शाबूत उभा राहिला, यापरता मोठा दाखला कुठला होता? शेषेरावांनी सरांचा चेहरा पाहिला, पायाकडं पाहिलं, आणि त्यांनाही उमगलं. ते कानाशी आले. "मास्तर, बोलू नका. तुमाला लेकराची आन. सही होऊ द्या."

तेवढ्यात सरांना गौरम्मा दिसली. ती खिडकीतून बाहेर येऊन जमिनीवर बसली होती. दोन्ही मुठींत गवत घट्ट धरलेलं, आणि बहिणीचं नाव घेत होती. सिंधुताई तिला पाणी पाजायला बघत होत्या, पाणी ओठांवरून ओघळत होतं. चौदा वर्षं मागं गेली होती ती, आणि तिला मागं धाडणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता.

सर तिकिटाच्या खोलीत गेले. भोंग्याचा माइक घेतला. माइक आधी किंचाळला.

"भूकंप झालेला नाही," ते म्हणाले. "ऐका सगळ्यांनी. जमीन हलली नाही. आमच्या पाळण्याचा हादरा होता. लाकूड काढून सिमेंट घालायची अक्कल माझी. माझं नाव कलीम, मी भूगोल शिकवतो. गौरम्मावहिनी, काही झालेलं नाही. घरं उभी आहेत. उठा."

मैदानभर माना भोंग्याकडं वळल्या. मग कुठून तरी सदफचा आवाज आला, "अब्बा, तुमची पद्धत चुकली!" आणि पोरांमधून हसण्याची लाट उठली. दिवसाला बारा तास मान खाली घालून बसलेली ती पोरं. आपण जिवंत आहोत, होस्टेलं उभी आहेत आणि क्लास बुडालाय, हे तिन्ही त्यांना एकदमच कळलं. कुणीतरी आगगाडीत बसलं. कुणी भुताला परत भूतबंगल्यात ढकललं. सिंधुताईंनी दोन मिनिटांत रांग लावली, मांडवाखाली, माठाजवळ. ईश्वरप्पानं खिडकी बंद केली आणि म्हणाला, आज तिकीट न्हाई. विरूपाक्ष सर पोरांना परत न्यायला आले होते. सदफनं त्यांना विचारलं, "सर, तुम्ही कधी वर बसलात का?" ते नाही म्हणाले. थोड्या वेळानं ते आगगाडीत गुडघे हनुवटीला लावून बसलेले दिसले. चेहरा गंभीरच होता, पण दुसरी फेरी त्यांनी मागून घेतली.

रजियानं नवऱ्याला पाणी आणून दिलं. म्हणाली, "आज नाक वाचली तुमची." एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं केलेलं हे पहिलं कौतुक. सरांनी रिकामा पेला कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

साहेब मात्र पेन खिशात घालून गेले होते. सोमवारी नवी नोटीस आली : "सदरील पाळणा हलतो हे प्रत्यक्ष पाहणीत सिद्ध झाले असून..." माणसं आली, फाटकाला साखळी घातली आणि लाखेचं सील लावून गेली.

त्याच दिवशी विरूपाक्ष सरांचा माणूस जागेचं बोलायला आला. ईश्वरप्पानं गौरम्माकडं बघितलं. या वेळी ती बोलली. "त्या दिशी किती लेकरं उभी होती इथं, बघितलास? माझी भैन पळाली असती, पन तिच्या गल्लीत पळायला जागा नव्हती. जागा इकायची न्हाई." आणि मग तिनं मंडळाकडं पाहून विचारलं, "सील फाटकाला हाय ना? मैदानाला तर न्हाई?"

शेषेराव नोटीस दोनदा वाचून म्हणाले, "हाव. फकस्त फाटकाला."

तिघांनी आणि मारोतीनं मिळून फाटक बिजागरीतून उचललं आणि सील, साखळी, लाख, काहीही न मोडता, आदरानं भिंतीला टेकवून ठेवलं. काँक्रीट फोडलं, स्लीपर परत पायांखाली गेले. शेषेरावांनी त्यांच्यावरून धोतरानं पुसावं तसा रुमाल फिरवला. पाळणा फिरवला, गल्लीत एकही वाटी पडली नाही. तसं आम्ही वस्तीतल्या लोकांनी तुम्हाला लेखी कळवलं. तुम्ही आला नाहीत. पाळणा उभा आहे, मैदान उघडं आहे, क्लास सुटला की पोरं येतात. कलीम सर त्यांना वर नेऊन गोदावरी दाखवतात. छाती काढून चालतात सर हल्ली, आणि त्यांना तो हक्क आहे.

पाळण्याचं आम्ही बघून घेऊ, साहेब. तो बंद पाडायचा तर पाडा, कोर्टात बोलू. पण तुमच्या सहीनं या वस्तीत आणखी होस्टेलं मंजूर होत आहेत, आणि या जागेवर होस्टेल बांधायचा प्रस्ताव अजून तुमच्या टेबलावर उघडा पडलाय. त्या संध्याकाळी खुर्चीवर उभं राहून "सगळे मैदानात या" असं तुम्ही स्वतः ओरडला होतात. दोन-अडीच हजार जिवांनी ऐकलंय. तेव्हा एवढंच सांगा. उद्या खरोखर जमीन हलली, तर दुसऱ्यांची ही पोरं तुम्ही कुठल्या मैदानात बोलावणार? जागा दाखवा. लेखी उत्तर द्या.